आवाज आला का?

ताटात काठोकाठ पाणी भरून ते उशाशी ठेवायचे आणि मगच दिवा घालवायचा, असा आमच्या घरात एका हिवाळ्यात नेम होता. साल १९९३. निलंग्यात तेव्हा बऱ्याच घरी असा काही ना काही प्रकार चाले. कोणी पालथ्या वाटीवर पेला ठेवी, कोणी खुंटीला बैलाच्या गळ्यातली घंटा टांगी. जमीन हलली तर माणसाच्या आधी भांड्याला कळेल आणि भांडे माणसाला उठवील, असा त्यामागचा हिशेब. ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जे घडले, त्यानंतर असा हिशेब करणाऱ्याला कोणी हसत नव्हते. आदल्या दिवशी गणपती बोळवून दमलेली माणसे दगडमातीच्या, माळवदाच्या घरांत गाढ झोपली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. काही मोजदादी दहा हजारांपर्यंत जातात.

आमच्या घरातले कोणी गेले नाही. एका भिंतीला तडा गेला, एवढेच. मी तेव्हा चोविशीत होतो, शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. पंधरा-वीस दिवस इतरांबरोबर ढिगारे उपसायला जाऊन आलो. दिवाळी झाली, थंडी पडली, लोकांनी अंगणातल्या खाटा पुन्हा आत घेतल्या, ताटे पुन्हा जेवणाच्या कामी लागली. माझी खाट मात्र रोज पहाटे चारच्या सुमारास हलत राहिली.

आधी खालून ट्रक गेल्यासारखी घरघर, मग खाटेच्या पायांत बारीकशी थरथर. मी उठून बसायचो. घरातली सगळी झोपलेली. कुत्रे भुंकत नाही, गोठ्यातले जनावर उठत नाही. मग मलाच कसे कळले? पंचाईत अशी की खरोखरीचे लहान धक्केही त्या काळात अधूनमधून बसत होते. म्हणजे महिन्यातून एखाददुसऱ्या दिवशी मी खरा ठरत होतो. रोज खोटा ठरलो असतो तर एक वेळ मनाची समजूत पटली असती. कधीमधी खरा ठरत असल्यामुळे उरलेल्या रात्रींचे काय करायचे, ते कळेना. आपल्याला वेड तर लागत नाही ना, हा प्रश्न पहिल्यांदा डोक्यात आला तेव्हा मला भूकंपाचीही वाटली नव्हती एवढी भीती वाटली. भूकंपाच्या भीतीत सगळा गाव बरोबर होता. या भीतीत मी एकटा होतो आणि कोणाला विचारायची सोय नव्हती. कारण विचारले की त्या विचारण्यातूनच उत्तर निघणार.

हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे सिनेमा. आपले डोके ठिकाणावर आहे की नाही, असा संशय स्वतःविषयीच येऊ लागलेल्या माणसाची गोष्ट हा रहस्यपटांचा एक जुना आणि खात्रीचा विषय आहे. तिकडच्या सिनेमात तो मूकपटाच्या काळापासून आहे. १९२० च्या जर्मन ‘कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’मध्ये आपल्याला सारी हकिगत सांगणारा माणूसच शेवटी वेड्यांच्या इस्पितळातला निघतो. आपल्याकडे मराठीत असे चित्रपट मोजके, पण जे झाले ते लोकांनी लक्षात ठेवले. वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ चा. आशा काळे आणि काशीनाथ घाणेकर यांचा. मी तो पाहिला तो आमच्या भागात जत्रेच्या दिवसांत येणाऱ्या टूरिंग टॉकीजच्या तंबूत, जमिनीवर पोते अंथरून. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. नरसूच्या भुताने पोरे भेदरली होती आणि बायका ‘गं बाई’ करीत पदर तोंडाला लावत होत्या. मला त्या भुतापेक्षा जास्त भिववले ते वेगळ्याच गोष्टीने: ती बिचारी सांगते आहे आणि आजूबाजूचे एकमेकांकडे बघताहेत. तो जो एकमेकांकडे टाकलेला कटाक्ष असतो ना, तो या सगळ्या चित्रपटांचा खरा विषय आहे, असे मला आता वाटते.

याच जातीचा, जगभर गाजलेला चित्रपट म्हणजे ‘गॅसलाइट’. मूळ नाटक पॅट्रिक हॅमिल्टनचे, १९३८ चे. त्यावरून निघालेल्या दोन चित्रपटांपैकी १९४४ चा, इन्ग्रिड बर्गमनचा, अधिक प्रसिद्ध. त्यातल्या कामासाठी तिला ऑस्कर मिळाले. नवरा रात्री घरातून बाहेर गेल्याचे सोंग करतो आणि गुपचूप वरच्या बंद मजल्यावर जाऊन दडवलेले जडजवाहीर हुडकतो. तिथला गॅसचा दिवा त्याने लावला की खालच्या खोलीतल्या दिव्याची ज्योत मंदावते. बायकोला ते दिसते. नवरा म्हणतो, तुला भास होतात. वस्तू त्यानेच लपवायच्या आणि ‘तूच विसरतेस’ म्हणायचे. असे करता करता तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. या चित्रपटावरून इंग्रजीत एक क्रियापदच रूढ झाले आणि २०२२ साली अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर कोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. आपल्याकडे या प्रकाराला वेगळा शब्द नाही, पण प्रकार घरोघर ठाऊक आहे. सुनेला ‘हिला काही आठवतच नाही’ असे वर्षानुवर्षे ऐकवणारी घरे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

त्या चित्रपटात सगळ्यांत हलवून सोडणारा क्षण कोणता? नवरा पकडला जातो तो नव्हे. एक पोलीस अधिकारी तिच्या खोलीत येतो, ज्योत मंदावते, आणि ती त्यालाही दिसते. बस्स, एवढेच. दुसऱ्या एका माणसाला ती दिसली. तेवढ्याने ती बाई वेडाच्या काठावरून परत येते.

अलीकडचा, स्वतंत्रपणे काढलेला मराठी चित्रपट म्हणून आदिश केळुसकर यांच्या ‘कौल’चे नाव घ्यावे लागेल. तो २०१६ साली प्रदर्शित झाला. रोहित कोकाटे त्यात मुख्य भूमिकेत आहेत. हातून खून झालेला एक तरुण कोकणातल्या खेड्यात येऊन राहतो आणि तिथे त्याला असा काही अनुभव येतो की तो दैवी म्हणावा की आपलाच तोल गेला म्हणावे, याचा निवाडा त्याला करता येत नाही. तो एका म्हाताऱ्यापाशी उत्तर मागत राहतो. माझ्या मुलाने तो मला त्याच्या मोबाइलवर दाखवला. चित्रपट सोपा नाही आणि आमच्या घरातली निम्मी मंडळी मध्येच उठून गेली, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्याचे नाव मला फार आवडले. कोकणात देवाला कौल लावतात: उजवा की डावा, हो की नाही. ज्याला स्वतःच्या मनाचा भरवसा उरला नाही, त्याने कौल मागायचा कोणाला? आमच्या मराठवाड्यात कौलाऐवजी देवऋषी असतो. ‘बाहेरचे झाले’ म्हणून तो अंगारा देतो. त्याच्याकडे जाणाऱ्यांची मी टिंगल करणार नाही, कारण तो निदान समोर बसवून घेतो आणि ऐकतो. फक्त तेवढ्यावर थांबून वर्षे वाया जातात, ही तक्रार आहे, आणि ती मोठी आहे.

आता या रहस्यपटांविषयी माझी एक कुरकुर. त्यांत नायकाला किंवा नायिकेला स्वतःबद्दल संशय येतो आणि त्यावर सारे नाट्य उभे राहते. पण मनाच्या गंभीर आजारात पुष्कळदा उलटेच असते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात ज्याला आवाज ऐकू येतात, त्याला बहुतेक वेळा संशय येतच नाही. त्याची खात्री असते. शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत, जेवणात काही कालवले आहे, हे त्याला तुम्हा-आम्हाला सूर्य दिसतो तितके स्वच्छ दिसते. आपण आजारी आहोत ही जाणीवच आजारात हरवते. मग संशय जातो कुठे? तो घरच्यांच्या वाट्याला येतो. आईला वाटते, पोरगा म्हणतो ते खरे तर नसेल? बहिणीला वाटते, आपलेच काही चुकले का? स्वतःच्या शहाणपणावर संशय घेत रात्र काढतात ती ही माणसे, आणि त्यांच्यावर कोणी रहस्यपट काढत नाही.

आणखी एक कुरकुर आहे. शेवटच्या पाच मिनिटांत ‘अरे, हाच तर वेडा होता’ असा धक्का देऊन टाळ्या घेणाऱ्या चित्रपटांनी वेडाला खुनाच्या शेजारी नेऊन बसवले आहे. वस्तुस्थिती अशी की मनाने आजारी असलेला माणूस दुसऱ्याला इजा करण्यापेक्षा स्वतःला इजा करण्याची, किंवा दुसऱ्यांकडून छळला जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे दोन कोटी चाळीस लाख लोकांना स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे साधारण तीनशेत एक. निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावातही अशी शंभरावर माणसे असणार. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण ती आतल्या खोलीत असतात.

घरच्यांवर कोणी चित्रपट काढत नाही असे वर म्हटले, पण एकाने, खरे तर दोघांनी, काढला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’, २००४ चा. सुमित्राबाई मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. बाजारातल्या ठोकळ्यांपासून दूर राहून, माणसाचे दुखणे समजून घेत चित्रपट काढायचे, हे या जोडीचे व्रतच होते. ‘देवराई’मागे आणखी एका माणसाची तळमळ होती: मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी. हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारी संस्था उभी राहिली आणि चित्रपटही झाला.

मी तो लातूरला एका डॉक्टर स्नेह्याकडे सीडीवर पाहिला. अतुल कुलकर्णी शेषच्या भूमिकेत आहेत. कोकणातल्या आपल्या गावच्या देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, या शेषचा जीव अडकलेला आहे. ते रान आपल्याशी बोलते, ते आपल्यावाचून उजाड होईल, अशी त्याची भावना. तिचे टोक कधी तुटले आणि आजार कधी सुरू झाला, ते त्याला कळत नाही. प्रेक्षकालाही नेमके सांगता येत नाही, आणि मला हेच खरे वाटले. आमच्या शाळेत झाडांच्या वेडाने झपाटलेला एक सहकारी होता, त्याला कोणी आजारी म्हटले नाही. रेघ कुठे ओढायची?

पण चित्रपटाचा कणा मला शेष वाटला नाही, त्याची बहीण सीना वाटली. सोनाली कुलकर्णींनी ती केली आहे. लग्न झालेली, शहरात संसार असलेली बाई भावाला आपल्या घरी आणते. नवरा वाईट नाही, पण त्यालाही मर्यादा आहेत. भाऊ सकाळी कसा उठेल, यावर सगळ्या घराचा दिवस अवलंबून. औषध घेतले का, खाल्ले का, बाहेर तर गेला नाही ना? इथे ‘खरे काय, खोटे काय’ हे रहस्य उलगडायचेच नाही. पहिल्या पंधरा मिनिटांतच आपल्याला ठाऊक असते. पुढे प्रश्न फक्त एवढाच की याच्याजवळ कोण बसणार. रहस्यपट पाहताना छातीत होते तशीच धडधड मला तो पाहताना झाली, आणि भूत एकही नव्हते.

या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरणविषयक चित्रपट म्हणून. पुरस्कार मिळाला हे उत्तमच झाले. पण गंमत वाटते. शेषचे रान सगळ्यांना दिसले. शेष दिसायला अजून अवकाश होता.

त्यातल्या मनोविकारतज्ज्ञाचे काम डॉ. मोहन आगाशे यांनी केले आहे. आम्हा लातूरकरांना इथे थोडे थांबावे लागते. आगाशे नट म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण ते पेशाने मनोविकारतज्ज्ञ आणि पुण्यातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीतले प्रमुख. किल्लारीच्या भूकंपानंतर वाचलेल्या माणसांच्या मनाचे काय झाले, याचा अभ्यास या संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेबरोबर हाती घेतला, त्यात त्यांचा पुढाकार होता. पत्रे, धान्य, सिमेंट यांचा हिशेब सरकार ठेवत होते. झोपेचा आणि भासांचाही हिशेब ठेवायला हवा, हे आपल्याकडे कोणाला तरी सुचले ते आमच्या या मातीत, हे मला फार उशिरा कळले. १९९३ च्या हिवाळ्यात कळते तर मी कदाचित त्या लोकांना शोधत गेलो असतो. कदाचित गेलोही नसतो. ‘मास्तर वेड्यांच्या डॉक्टरकडे गेला’ हे वाक्य एका शिक्षकाला तालुक्याच्या गावात परवडणारे नव्हते.

मला वाचवले ते आईने. डिसेंबरातली पहाट होती. मी नेहमीप्रमाणे उठून बसलेलो. आई पलीकडच्या अंथरुणातून म्हणाली, ‘काय बघूलालास रे?’

दोन महिने कोणाला न सांगितलेले त्या वेळी तोंडून निघून गेले. ‘खाट हलली. तुला आवाज आला का?’

ती एवढेच म्हणाली, ‘मला न्हाई आला. थांब, पाणी बघू.’ उठून तिने कंदील लावला, ताटात पाणी ओतले, जमिनीवर ठेवले आणि आम्ही दोघे त्याच्याभोवती बसलो. पाणी हलले नाही. ‘पाणी तर न्हाई हललं,’ ती म्हणाली, ‘पण तुला हललं न्हवं? बरं.’ मग तिने चूल पेटवून चहा ठेवला. पुढे कितीतरी दिवस हा क्रम चालला. ती एकदाही खोटे बोलली नाही की मलाही आवाज आला म्हणून. आणि एकदाही म्हणाली नाही की तुला भास होतात. माघ सरता सरता मी सकाळी सहापर्यंत झोपू लागलो. तिचे शिक्षण दुसरीपर्यंतचे.

किल्लारीच्या लोकांचा या बाबतीतला अनुभव आणखी विचित्र आहे. मोठ्या भूकंपाच्या वर्षभर आधी, १९९२ च्या ऑगस्टपासून, तिथे धक्के बसत होते आणि जमिनीतून आवाज येत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यातला मोठा. पुढे ते ओसरले, भीती जुनी झाली आणि लोक पुन्हा घरात झोपू लागले. म्हणून आमच्या भागात जमिनीच्या आवाजाला कोणी सहजासहजी ‘काही नाही’ म्हणत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात आमच्याच निलंगा तालुक्यातल्या हासोरी गावात जमिनीखालून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा हेच झाले. हासोरी किल्लारीपासून अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास. लोक रात्री रस्त्यावर आले, प्रशासन आले, तज्ज्ञांना बोलावणे गेले. अगदी सौम्य धक्क्यांची नोंदही झाली. म्हणजे गाव खरे ठरले. सगळ्या गावाला ऐकू येते तेव्हा त्याला भूगर्भातली हालचाल म्हणतात आणि यंत्रे येतात. एकट्यालाच ऐकू येते तेव्हा मात्र लोक एकमेकांकडे बघतात.

त्या भागातला माझा एक जुना विद्यार्थी आहे. चाळिशीचा, शेती करणारा, अतिशय सरळ. आवाज थांबल्यावर, सगळे गाव निवांत झाल्यावर चार-पाच महिन्यांनी त्याचा फोन आला. ‘सर, मला अजून येतो.’ त्याच्या थोरल्या भावाने आधीच कुठून तरी अंगारा आणला होता, आणि बायको माहेरी निघायच्या बेतात होती. मी त्याला फोनवर काहीच सांगितले नाही. संध्याकाळच्या एसटीने गेलो.

रात्री ओसरीवर त्याच्या शेजारी अंथरूण घातले. मध्ये पाण्याचे ताट. थोरला भाऊ आधी हसला, मग तोही येऊन बसला. पहाटे चारच्या आधीच त्याने माझा दंड धरला. ‘आला, सर. आला का?’

‘मला नाही आला,’ मी म्हणालो. ‘पाणी बघ.’

आम्ही तिघांनी बघितले. मग मी त्याला विचारले, आवाज कसा आहे, कुठून सुरू होतो, किती वेळ राहतो, त्यात शब्द असतात का? शब्द असतात, असे तो खाली मान घालून म्हणाला. हे त्याने भावाला सांगितले नव्हते. भाऊ काही बोलला नाही. फक्त त्याने आपली घोंगडी त्याच्या अंगावर टाकली. सोमवारी त्याला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागात दाखवायचे ठरले, आणि पहिल्या गाडीने न्यायचे की मोटारसायकलवर, यावर दोघे भाऊ उजाडेपर्यंत वाद घालत बसले.